माटवीची चित्रवही : कामाच्या नोंदी

१८ जून २०२५

शाळा सुरू झाली. यंदा आठवी-नववीच्या चित्रकलेच्या तासाला एकच काम घ्यायचं ठरवलंय. गणपतीच्या माटवीत जे जे टांगलं जातं ते ते समोर ठेवून काढायचं. आठवणीतून नाही, मोबाइलवरच्या फोटोवरूनही नाही. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख, जागा, कुणी आणलं आणि वस्तू कच्ची होती की पिकलेली, एवढं लिहायचं. शेवटी कागद शिवून वही करायची.

घाटावरच्या वाचकांसाठी दोन ओळी. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर छताला पट्ट्यांची एक चौकोनी चौकट टांगतात. ती माटवी. तिला आंब्याचे टाळ, नारळाची पेंड, सुपारीचा घोस, तवशी (मोठ्या काकड्या), चिबूड, दोडकी, म्हाळुंग आणि रानातली कितीतरी फळं-फुलं बांधायची. तेरेखोल नदी ओलांडली की गोव्यात तिचीच माटोळी होते. मूर्ती मूर्तिकार करतो, नैवेद्य स्वयंपाकघरात होतो, पण माटवी घरातली सगळी माणसं मिळून बांधतात आणि तिचं सामान रानातून येतं.

हे काम काढण्यामागे थोडा वैतागही आहे. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की आमची मुलं दोन त्रिकोणी डोंगर काढतात, मधोमध उगवता सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी. खिडकीतून खरा सह्याद्री दिसतो, तो त्रिकोणी नाही आणि सूर्य त्याच्या मधून उगवत नाही. पण परीक्षेला तेच चालतं, म्हणून हातही तसाच वळतो.

२ जुलै

घरोघरच्या याद्या आल्या. आजीला विचारून लिहून आणा, असं सांगितलं होतं. सगळ्यांत मोठी यादी कोलझर बाजूच्या एका मुलीची. आजी सांगत गेली आणि हिने वहीची दोन पानं भरली. कवंडाळ (एका रानवेलीचं फळ), हरणं, शेरवड, कळलावी, कुड्याच्या शेंगा, केवणीच्या शेंगा, ऐनाची फळं, आंबाडे, करमळ, भेरली माडाच्या लोंब्या, घागऱ्या. बाजारपेठेत राहणाऱ्या मुलांच्या याद्या सात-आठ नावांत संपतात आणि त्यांत सफरचंद हमखास.

पोथीतली यादीही फळ्यावर लिहिली. एकवीस पत्री : माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, मालती, केवडा, हादगा. मुलांनी लगेच विचारलं, देवदार कुठे मिळेल? हिमालयात. मग आपण काय वाहतो? बाजारात त्या नावाने जो पाला मिळतो तो.

पत्रीची यादी छापील आहे आणि ती पुण्यात, नागपुरात, बडोद्यात एकच असते. माटवीची यादी कुणी छापलेली नाही, ती गावागणिक बदलते. ज्या गावात जे उगवतं ते टांगायचं. चित्रवहीसाठी मला ही दुसरी यादी जास्त उपयोगाची. पत्रीची पानंही काढून घेऊ, पण वहीच्या शेवटी.

११ जुलै

पहिली वस्तू केवण. कुठे कुठे तिला मुरुडशेंग म्हणतात. यंदाच्या शेंगा अजून धरायच्या आहेत, पण गेल्या वर्षीच्या वाळलेल्या झुडपावरच होत्या आणि पहिल्या धड्याला त्या बऱ्या. शेंग पिळलेल्या दोरासारखी. पाच पेड एकमेकांभोवती वळत जातात. मुलांनी आधी जिलेब्या काढल्या. मग शेंगेच्या मधून एक सरळ आस आखायला लावली आणि प्रत्येक पेड त्या आसाला कुठे कापतो तिथे ठिपका दिला. ठिपके जोडल्यावर पिळ आपोआप आला.

फूलही मिळालं. ताजं असताना विटकरी लाल, शिळं झालं की निळसर राखाडी. एकाच फांदीवर दोन्ही रंग, त्यामुळे दोन झाडांची फुलं आणली असावीत असं अर्ध्या वर्गाला वाटलं.

या झुडपाची साल सोलून तिचा सोप, म्हणजे दोरासाठीचे तंतू, काढतात. माटवीचं सामान पूर्वी त्यानेच बांधायचे. आता नायलॉनची सुतळी आली. एका मुलाचे आबा अजून केवणीचाच दोर वापरतात, कारण तो ओला असताना बांधला की वाळताना आवळतो आणि जड तवसंही सुटून खाली मूर्तीवर पडत नाही.

२९ जुलै, नागपंचमी

गणपतीच्या शाळेत पाट पोचवला. सिंधुदुर्गात मूर्तीच्या कारखान्याला शाळाच म्हणतात, आणि नागपंचमीला घरचा पाट तिथे नेऊन द्यायची रीत आहे. पाटाच्या मापावर मूर्ती बसते. आमच्या पाटाच्या पाठीवर आजोबांच्या हातचं नाव आहे. तीन वेळा रंग मारूनही ते पुसलेलं नाही.

मूर्तिकारकाकांना विचारलं, तुमच्या शाळेत माटवीचं काही करता का? ते हसले. “बाईनू, आमी देव करतो. देवाच्या वरचा तुमचा तुमी बघा.” कामाची ही वाटणी मला फार आवडते. मूर्ती कसबी माणसाची. तिचं प्रमाण, डोळ्यांची आखणी, सगळं शिकलेल्या हाताचं. माटवीला असं शिक्षण नाही. तिथे बांधणारा तेवढा रान ओळखणारा हवा.

गणपतीमागची भिंत हे तिसरं अंग. लहानपणी आमच्याकडे चुन्यावर गेरू आणि निळीने भिंत रंगवायला माणूस यायचा. शंकर-पार्वती, शेषशायी, कोपऱ्यात मोर. आता घरोघर फ्लेक्स. काकांच्या शाळेतच एक गुंडाळी उघडी पडली होती, तिच्यावर बर्फाचे डोंगर आणि धबधबा. बाहेर शाळेच्या पत्र्यावरून पाण्याची धार इतक्या जोरात पडत होती की आम्हाला ओरडून बोलावं लागत होतं.

३ ऑगस्ट

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेला जाऊन आले. सोबत नववीची चार मुलं आणि एकाचे वडील. इथे भालांडेश्वराची राई आहे आणि त्या राईत पाणथळ जमिनीवर रानजायफळाच्या जातीची झाडं उभी आहेत. मिरिस्टिका मॅग्निफिका. अशी पाणथळ जंगलं बहुतेक केरळ-कर्नाटकात आणि थोडी गोव्यात. इथली जागा अवघी २.५९ हेक्टर, आणि आता ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर आहे. ती टिकली ती मात्र देवाची म्हणून.

झाडाच्या बुंध्यातून वरच्या वर मुळं फुटतात आणि कमानी करून चिखलात उतरतात. काढायला विलक्षण. आम्ही खोडाऐवजी मुळांमधली रिकामी जागा काढली, मग मुळं आपोआप उमटली. पावसाची झड सुरूच होती, म्हणून कागद प्लास्टिकखाली धरून फक्त पेन्सिल चालवली.

निघताना एका मुलाने खाली पडलेलं फळ उचललं. बरोबरच्या गृहस्थांनी “ठेव ता थंयच” एवढंच म्हटलं. त्याने ठेवलं.

घरी येईपर्यंत हेच डोक्यात. पुष्कळ देवरायांत पडलेलं पानसुद्धा उचलत नाहीत. काठी मोडायची नाही, चपला घालायच्या नाहीत. आणि तीन आठवड्यांनी तीच माणसं गणपतीसाठी रान पालथं घालतील, मिळेल ते तोडून आणतील. एका देवाचा हुकूम ‘हात लावू नको’, दुसऱ्याचा ‘सगळं घेऊन ये’. हा विरोध आहे असं आधी वाटलं होतं, आता तसं वाटत नाही. माटवीचं सामान राईतून येत नाही. ते येतं बांधावरून, कुंपणावरून, कातळाच्या कडेने, काजूच्या बागेतल्या झुडपांतून. राईत मोठी झाडं, बियाण्याचा साठा. बांधावर वेली आणि झुडपं, तोडली तरी पुढच्या पावसात फुटणारी. जुन्या माणसांनी याचा हिशेब मांडून ठेवला होता असा दावा मी करणार नाही. पण दोन रिती शेजारी शेजारी चालल्या आणि जमिनीची वाटणी अशी झाली, एवढं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

वहीत मुळांचं हे चित्र पहिल्या पानावर टाकायचं. माटवीत न जाणारी एकमेव वस्तू.

९ ऑगस्ट

कागदावर बुरशी. या दिवसांत होणारच. गावातल्या सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, आत साठ वॅटचा बल्ब, झाकणाला दोन भोकं. चित्रं रात्रभर पेटीत. जलरंग वाळायला एरवी दहा मिनिटं लागतात, हल्ली तास लागतो. त्यामुळे एक थर देऊन दुसऱ्या चित्राला हात घालायचा, असा फेरा ठरवून दिला.

१२ ऑगस्ट

कळलावी आणि शेरवड. आतापर्यंतचे सगळ्यांत चांगले तास.

कळलावीचं फूल माहीत नाही असं इथे कुणी नाही, पण ते नीट पाहिलेलंही कुणी नव्हतं. कळी खाली मान घालून लोंबते, रंग पोपटी. उमलताना सहा पाकळ्या उलट्या फिरतात आणि वर जातात. पुंकेसर मात्र खालीच, चहूबाजूंनी आडवे पसरलेले. आणि खरी गंमत स्त्रीकेसराची. तो बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघतो. बहुतेकांनी तो मधोमध सरळ काढला होता. फुलाचा मध्य म्हणजे सरळ काहीतरी, अशी सवय. मी काहीच सांगितलं नाही, फूल उलटं धरून फिरवलं. एकजण ओरडला, “बाई, ह्याची मान मोडलीय!” मग सगळ्यांच्या चित्रांत ती मोडली.

पानाचं टोक लांबत जाऊन त्याची गुंडाळी होते आणि तिनेच वेल आधार पकडते. वेगळे ताणे नाहीत, पानच हात. हे कळल्यावर पानं काढण्यातला कंटाळा संपला.

रंग सगळ्यांत अवघड. पहिल्या दिवशी पाकळी तळाशी पिवळी, टोकाला लाल. दिवस जातील तसा लाल खाली उतरतो आणि शेवटी अख्खं फूल लालभडक होतं. म्हणून एकाच फुलाची लागोपाठची चित्रं एका कागदावर घेतली. गौरीला ही फुलं लागतात, कोकणात त्यांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. बोटं वर वळलेला हात डोळ्यांपुढे आणला की नाव पटतं. झाड विषारी, कंद तर फारच. तासानंतर सगळ्यांना साबणाने हात धुवायला पाठवलं. एकाने विचारलं, विषारी झाड देवीला कसं चालतं? मी म्हटलं, शंकराला धोतरा चालतो तसं. हे काही उत्तर नव्हे, पण घंटा झाली होती.

शेरवडीचा प्रश्न वेगळा. नारिंगी रंगाचं इवलं चांदणीसारखं फूल, आणि त्याला लागून एक मोठं पांढरं पान. हे पान म्हणजे फुलाच्या हिरव्या पुष्पकोशातलं एकच दल फुगून पांढरं झालेलं. पांढऱ्या कागदावर पांढरं पान कसं काढायचं? पांढरा रंग वापरायचा नाही असं सांगितलं. पानाची जागा कोरी सोडायची आणि मागचा गर्द हिरवा भरायचा. आठवीतल्या ज्या मुलाला चित्रकलेत आजवर कधी पाहिलंच नव्हतं, त्याने हे सर्वांत नेमकं केलं. पानावरच्या शिरा त्याने फक्त पाण्यात बुडवलेल्या ब्रशने ओढल्या, रंग जवळजवळ नाहीच.

१९ ऑगस्ट

दोन दिवस धो धो पाऊस. शाळा अर्धी रिकामी.

कवंडाळाचा वेल शोधायला मुलं काजूच्या बागांत गेली होती, हात हलवत परत आली. सगळीकडे ग्रासकटर फिरलेला. काजू गोळा करताना जमीन स्वच्छ लागते, मजुरी परवडत नाही, म्हणून पावसात एकदा मशीन फिरवतात किंवा तणनाशक मारतात. बागायतदाराला मी दोष देत नाही, माझ्या भावाच्या बागेतही तेच चालतं. पण माटवीच्या यादीतले निम्मे वेल अशाच जागी उगवतात. दोडामार्ग पट्ट्यात रबर आणि अननस आले तिथे तर बांधही उरले नाहीत. देवराईला देवाचं कुंपण आहे. बांधाला असं कोणी नाही, तिथलं रान वापरात होतं म्हणूनच राखलं जात होतं. आजीला कवंडाळ हवं असायचं, म्हणून कुंपणावरचा वेल कोणी उपटत नव्हतं.

२२ ऑगस्ट

सावंतवाडीच्या चितार आळीत. लाकडी फळांचं एक अख्खं तबक चित्रासाठी मागून आणलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर रंग आणि लाखेची झिलई. केळी, आंबा, डाळिंब, सीताफळ, मिरची, वांगं. शंभर वर्षांपूर्वीची अशी फळं घराघरांत आहेत आणि अजूनही पाहुण्याला फसवतात.

शेजारच्या दुकानात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी खेळाची १२० गोल पानं, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा. या कलेला १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात आसरा दिला, नाहीतर ती संपलीच होती. मत्स्य, कूर्म, वराह : पहिले तीन अवतार प्राण्यांचे, चौथा अर्धा. मुलांना गंजिफातला कासव दाखवला आणि वर्गात आणलेला ओढ्यातला खराखुरा कासव आठवायला सांगितला. चिताऱ्याने पाठीवरच्या ढाली मोजलेल्या नाहीत, नक्षी केलीय. तिथे त्याला कासव दाखवायचाच नव्हता, डाव ओळखू यायला हवा होता.

लाकडी फळांत मात्र चिताऱ्याचा सगळा जीव ‘खरं वाटावं’ यावर. आंब्याच्या देठाजवळचा लाल, केळ्यावरचे काळे ठिपके. आणि तरीही एक गोष्ट लक्षात आली : सगळी फळं पिकलेली. तबकात कैरी नाही, कोवळी काकडी नाही. आंबा, सीताफळ, डाळिंब एकाच दिवशी पिकून एकत्र बसलेत. रानात हे कधीच घडत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

माटवीचा बाजार. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस रस्त्याच्या दुतर्फा बायका रानातलं सामान घेऊन बसतात. टोपलीत जोड्या बांधून ठेवलेल्या : शेरवडीची जुडी, हरणांची जुडी, आंबाड्याचा झुबका, सुपारीचा घोस. कुड्याच्या शेंगा जोडीनेच येतात, लांब बारीक दोन शेंगा देठाशी एकत्र. तोडल्यावर पांढरा चीक गळतो. माझ्या पिशवीतले दोन कागद त्याने चिकटले.

कवंडाळ शेवटी मिळालं, पण हिरवंगार. अंगावर पांढुरके पट्टे. डोंगराच्या पायथ्याच्या गावातून आलेल्या काकींकडे चार होती.

“लाल नाय मिळाली, काकी?”

“खंयसून मिळतली? औंदा चतुर्थी लवकर इली. तेंका पिकाक अजून महिनो होयो.”

“मग हिरवीच टांगायची?”

“टांगा. देवाक काय कळत नाय काय, औंदा कसला वरीस ता?”

मोबाइलमधले जुने फोटो काढून बघितले. २०२३ साली अधिक श्रावण होता, चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. त्या वर्षीच्या आमच्या माटवीत कवंडाळं लालबुंद, आणि कळलावी कुठेच नाही, तिचा बहर सरला होता. २०२० साली चतुर्थी २२ ऑगस्टला होती. तेव्हाच्या फोटोत हिरवी कवंडाळं, कळलावी भरपूर. यंदा २७ ऑगस्ट, म्हणजे २०२०च्या जवळची माटवी. तिथी महिनाभर मागेपुढे सरकते, झाडं सरकत नाहीत. ती पाऊस आणि ऊन बघतात. त्यामुळे लवकरची चतुर्थी फुलांची आणि उशिराची फळांची. हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला माहीत आहे. चित्रांत मात्र गणपतीच्या वरची फळं लाकडी तबकासारखीच कायम पिकलेली असतात, आणि बाजारात आलेल्या प्लास्टिकच्या माटवीतही तसंच.

कागदाच्या कोपऱ्यात ‘कच्चं / पिकलेलं’ लिहायचं जूनमध्ये ठरवलं, तेव्हा तो नुसता शिस्तीचा भाग होता. आता वहीचा सगळा डोलारा त्याच रकान्यावर उभा राहणार असं दिसतंय.

२६ ऑगस्ट, हरतालिका

माटवी बांधली. चौकट माळ्यावरून काढली, धुतली. पोफळीच्या पट्ट्या, वडिलांनी केलेल्या. आधी चारही बाजूंनी आंब्याचे टाळ, मग जड सामान चौकटीच्या सांध्यांवर : नारळाची पेंड एका कोपऱ्यात, समोरच्या कोपऱ्यात तोल सांभाळायला भोपळा. तवसं, चिबूड, म्हाळुंग मधल्या पट्ट्यांवर. शेवटी हलकं, लोंबतं सामान पुढच्या कडेला, म्हणजे आरतीच्या वेळी दिव्याच्या उजेडात ते हलतं. सौंदर्याचा विचार कोणी बोलून दाखवत नाही, पण “हय नको, थंय बांध”, “ह्या हिरव्यात हिरवा दिसना नाय” हे रात्री बारापर्यंत चालू होतं. रंगसंगतीचा तास याहून वेगळा काय असतो?

२८ ऑगस्ट

मुलांना घरी दिलेलं काम : गणपतीसमोर उताणं झोपून माटवी खालून काढायची. कठीण काम. फळं सगळी तळाकडून दिसतात, देठ दिसत नाहीत, चौकटीच्या रेषा दूर जाताना जवळ येतात. दोन घरांतून निरोप आला की पोरगं देवाकडे पाय करून झोपलंय. पाय दाराकडे करून झोपायला सांगितलं, मग परवानगी मिळाली.

३० ऑगस्ट

डिचोली आणि सत्तरी. तिथली माटोळी बघायची म्हणून गेलो. आमच्याकडची आणि तिथली रीत एकच असण्यात नवल नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग १७८०च्या दशकात पोर्तुगीजांकडे गेले, त्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होते. जुन्या काबिजादींत म्हणजे पोर्तुगीजांनी आधीच जिंकलेल्या तिसवाडी, बार्देश, सासष्टीत मात्र धर्मसमीक्षणाचा (इन्क्विझिशनचा) काळ कडक गेला. १७३६च्या जाहीरनाम्यात दारातली तुळससुद्धा निषिद्ध ठरवली होती. गोव्यात काही घराण्यांत अजून मातीची मूर्ती न आणता कागदावरचा किंवा पत्रीचा गणपती पुजतात. मूर्ती लपवायला अवघड, पानं लपवायला सोपी, म्हणून ही रीत पडली असं ती माणसं सांगतात.

गोव्याच्या कला व संस्कृती संचालनालयाची माटोळीची स्पर्धा असते. तिने माटोळीला मान मिळाला, हे खरंच. शेकडो प्रकारची फळं, बिया, कंद वापरून छताला देखावे केलेले पाहिले. एका घरात बियांचा हत्ती होता, त्याच्या कानांना करमळीची पानं. त्या गृहस्थाला प्रत्येक वस्तूचं नाव, जागा, औषधी उपयोग तोंडपाठ. एवढं रान ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण शेकडो वस्तू एका परसातून येत नाहीत. त्यासाठी घाटात खोलवर जावं लागतं, गाडी करून. एकेक वस्तू दाखवायची म्हणून कंद मुळासकट उपटले जातात. आणि देखावा झाला की बघणाऱ्याला हत्ती दिसतो, कवंडाळ दिसत नाही. माझ्या मते माटोळीचा कस आकड्यात नाही. त्या गावच्या पंचक्रोशीतलं किती आणि बाहेरचं किती, असा एक रकाना परीक्षकांच्या कागदावर असायला हवा.

३१ ऑगस्ट

गौर आली. तेरड्याची. तेरड्याचं बोंड बोटाने दाबलं की फटकन फुटतं आणि बिया उडतात. त्याचं चित्र जमलं नाही कुणालाच, व्हिडिओ काढून थांबवून बघितला तरी. सोडून दिलं.

९ सप्टेंबर

सगळे कागद वर्गात दोरीला लावले. आधी मुलांनी ‘सुंदर’ ते पुढे लावले होते. काढून तारखेप्रमाणे लावायला सांगितलं. मग एका भिंतीवर पावसाळा दिसायला लागला. जुलैत हिरवं आणि पांढरं, ऑगस्टच्या मध्याला कळलावीचा लाल आणि हरणांचा पिवळा, शेवटी हिरव्याच फळांची रांग.

विसर्जनानंतर सामानाचं काय केलं, तेही घरोघर विचारून घेतलं. नारळ, तवशी, भोपळा स्वयंपाकघरात. सुपारी सोलून वाळत. रानातलं बहुतेक माडाच्या आळ्यात. दोन घरांत माटवीतलं तवसं मुद्दाम पिकवून बी धरतात. एका घरात सफरचंद आधीच खाल्लं गेलं होतं.

२७ सप्टेंबर

कवंडाळ पिकलं. तीच डोंगराकडची काकी आज शाळेच्या फाटकापाशी येऊन दोन फळं देऊन गेली, पैसे घेतले नाहीत. बाहेरून शेंदरी लाल. कापलं तर आत काळपट हिरवा गर आणि त्यात बिया, वास उग्र. हिरव्या कवंडाळाच्या कागदावर उजवी अर्धी बाजू तेव्हा कोरी ठेवली होती, तिथे हे लाल फळ बसवलं. ज्या मुलीने हिरवं काढलं होतं, तिच्याकडूनच. दोन तारखा एका कागदावर.

पुढचं काम. २०२६ सालीही अधिक मास आहे, ज्येष्ठ. चतुर्थी १४ सप्टेंबरला. तेव्हा कळलावी संपत आलेली असेल आणि कवंडाळ रंगाच्या उंबरठ्यावर. याच वस्तू, याच जागा, पुन्हा काढायच्या; यंदाच्या प्रत्येक कागदाला एक जोडकागद. नववीची मुलं दहावीत जातील आणि त्यांचे पालक चित्रकलेला वेळ देणार नाहीत, तेव्हा आठवीतल्या मुलांवर भिस्त. बिया मुलांनी वाटून घेतल्यात. शाळेच्या मागच्या कुंपणाला कवंडाळ आणि केवण लावायची आहे, पण तिथे ग्रासकटर फिरवू नका असं शिपाईमामांना आत्ताच सांगून ठेवायला हवं. आयव्हरी कार्डशीटचे दोन दस्ते, पेटीचा बल्ब गेलाय तो नवा, आणि वही शिवायला केवणीचा दोर. आबा म्हणाले सोप काढून देतो, पण साल सोलायला पोरांनीच यायचं.